यूव्हर्जन बायबल अॅप: ‘क्षमा न होणारं पाप’ वाचायला कितपत कामाचं?

यूव्हर्जनचं बायबल अॅप २००८ पासून आहे. फुकट आहे, जाहिराती नाहीत, मराठीत एकाहून जास्त आवृत्त्या मिळतात. रोजच्या वाचनाला चांगलंच आहे, त्यात वाद नाही. इथे ते एका अवघड जागी तपासलं आहे: पवित्र आत्म्याविरुद्ध केलेल्या दुर्भाषणाची, म्हणजे निंदेची, क्षमा होणार नाही, हे येशूचं बोलणं. ‘आपल्या हातून तेच पाप घडलं की काय’ या धास्तीने मध्यरात्री फोन उघडणारी माणसं ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये कमी नाहीत. पाळकांना आणि फादरांना हा प्रश्न नेहमीचा आहे.

शोधापासून सुरुवात करू नका. ‘अक्षम्य पाप’ ही संज्ञा शिकवणीतली आहे, वचनांत ती अशी येत नाही. शिवाय शोधाचा निकाल म्हणजे सुटी वचनं, मागचंपुढचं काही नाही. थेट शुभवर्तमानांचे, म्हणजे येशूच्या चरित्रांचे, अध्याय उघडा: आधी मार्क ३, मग मत्तय १२, शेवटी लूक १२.

मार्क आधी, कारण येशू असं का बोलला ते तिथेच दिलंय. ३:२२ मध्ये यरुशलेमेहून आलेले शास्त्री, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राचे जाणकार, येशूबद्दल म्हणतात, याला बालजबूल लागलाय, भुतांच्या अधिपतीच्या साहाय्याने हा भुतं काढतो. येशू फुटलेल्या राज्याचा आणि बलवान माणसाच्या घराचा दाखला देतो. मग २८ व्या वचनात माणसांच्या सगळ्या पापांना आणि दुर्भाषणांना क्षमा आहे असं आधी सांगतो, २९ मध्ये तो एक अपवाद. आणि ३० वं वचन, छोटंसं: त्याला अशुद्ध आत्मा लागलाय असं ते म्हणत होते, म्हणून हे बोलणं. विषयाची किल्ली ही. डोळ्यांदेखत देवाचं काम पाहून, समजून-उमजून त्याला सैतानाचं म्हणणारी ती माणसं होती. रागात तोंडून गेलेला शब्द किंवा नको असताना मनात घुसलेला घाणेरडा विचार ही त्या प्रसंगातली गोष्टच नाही.

अॅपची घडण नेमकी इथे आडवी येते. वचनाला टिचकी मारली की ते एकटं निवडलं जातं: त्याला रंग द्या, चित्रावर छापा, पाठवा. २९ वं वचन असं एकटं व्हॉट्सअॅपवर गेलं की ती नुसती धमकी उरते. उपाय सोपा आहे. २८, २९ आणि ३० अशा तिन्ही वचनांवर एकेक टिचकी मारा, मग पाठवा. एक टिचकी कमी पडली तर अर्थ उलटतो.

मत्तय १२ मध्ये प्रसंग तोच, पण आरोप परूश्यांचा, म्हणजे एका कर्मठ यहुदी पंथाच्या लोकांचा. सुरुवात २२ व्या वचनातल्या आंधळ्या-मुक्या माणसाच्या बरं होण्यापासून करा, ३१ पासून नको. ३२ मध्ये मनुष्याच्या पुत्राविरुद्ध, म्हणजे खुद्द येशूविरुद्ध, बोललेल्याला क्षमा आहे हा फरक मिळतो, तो मार्कात नाही. लूक १२:१० सर्वांत फसवं. लूकने बालजबूलचा वाद ११ व्या अध्यायात ठेवलाय आणि हे वचन मात्र लोकांसमोर येशूला कबूल करण्या-नाकारण्याच्या बोलण्यात. लूकच आधी उघडला तर आरोपाचा संदर्भ हातातून निसटतो. या तीन जागा शेजारी ठेवून वाचणं आपणच करायचं.

धास्तावलेली माणसं इब्री ६:४-६ आणि १०:२६ ही विश्वासातून मागे फिरणाऱ्यांना इशारा देणारी वचनं पण उघडतातच. त्याच बैठकीत १ तीमथ्य १:१३ उघडा: पौल स्वतःला पूर्वीचा निंदक म्हणतो आणि आपल्यावर दया झाली असं सांगतो. येशूचा शिष्य पेत्र याने येशूला तीनदा नाकारलं, तेही मार्क १४ मध्ये आहे; योहान २१ मध्ये त्यालाच येशूची मेंढरं, म्हणजे अनुयायी, सोपवली जातात. या दोन नोंदी करून ठेवायला अॅपचे बुकमार्क चांगले कामाला येतात.

भाष्य मात्र अॅपमध्ये नाही, आणि ही खरी उणीव. प्राचीन चर्चमधला धर्मपंडित ऑगस्टीन याने या पापाचा अर्थ शेवटपर्यंत पश्चात्ताप नाकारणं असा लावला. कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथाचा १८६४ वा परिच्छेदही त्याच वाटेने जातो: देवाच्या दयेला सीमा नाही, पण जाणूनबुजून ती नाकारणारा क्षमाही नाकारतो. काही प्रॉटेस्टंट भाष्यकार ते त्या शास्त्र्यांच्या प्रसंगापुरतंच मानतात. यातलं काहीच पडद्यावर दिसत नाही, त्यामुळे पाळकांशी किंवा फादरांशी बोलणं टळत नाही.

आवृत्ती निवडताना: बायबल सोसायटीची ‘पवित्र शास्त्र’ ही मंडळीत कानावर पडणारी भाषा, इंडियन रिवाइज्ड व्हर्जन जरा सुटसुटीत. दोन्ही ठेवा, तुलनेचं बटण एकाच वचनाखाली दुसरी आवृत्ती दाखवतं. ऑडिओ सगळ्या आवृत्त्यांना नसतो.

एक ताकीद. तेच वचन दिवसात वीसदा उघडून ‘आता तरी मन शांत होतंय का’ हे बघणं हे वाचन राहत नाही. मंत्रचळेपणाच्या आजारात, म्हणजे ओसीडीत, धर्माची भीती असं रूप घेते. दर वेळी खात्री करून घेतली की घटकाभर बरं वाटतं आणि शंका आणखी जोरात परतते. अॅप हातात असल्याने हे चक्र सोपं होतं. अशा वेळी अॅपची नोटिफिकेशन्स बंद करा, अॅप काही दिवस काढून टाका आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर फुकट मिळते. पाळकांकडे जाणं आणि डॉक्टरकडे जाणं यात एकच निवडायचं नसतं.

गुण पाचपैकी साडेतीन. अर्धा सुट्या वचनांच्या चित्रांसाठी कापला, एक भाष्य नसल्याबद्दल.