लिस्बनचे चोवीस तासांचे तिकीट आणि आमचे पाच जणांचे कुटुंब

मे 2024 मध्ये लिस्बन पाहण्यासाठी आमच्याकडे एकच पूर्ण दिवस होता. आम्ही दोघे, अकरा वर्षांची मुलगी, तीन वर्षांचा मुलगा आणि गुडघेदुखीमुळे चढ टाळणारी माझी आई असा आमचा लवाजमा होता. टेकड्यांवर वसलेल्या या शहरात सगळ्यांना चालवणे शक्य नव्हते आणि दर वेळी टॅक्सी करणे परवडणारे नव्हते, म्हणून आम्ही बस, ट्राम, मेट्रो आणि तेजू नदीपलीकडच्या काशिल्याशला जाणारी बोट या सर्वांवर चालणारे चोवीस तासांचे तिकीट घेतले.

हे तिकीट मेट्रो स्थानकावरील यंत्रातून मिळते. त्यासाठी अर्ध्या युरोचे कार्ड घ्यावे लागते आणि ते प्रत्येकाचे स्वतंत्र असावे लागते. एकाच कार्डावर सगळे कुटुंब नेता येत नाही. चार वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नसल्याने आम्हाला चारच कार्डे पुरली. बोटीशिवायचे तिकीट सात युरोंच्या आत होते आणि बोटीसह घेतल्यास सुमारे तीन युरो जास्त पडत होते. बस किंवा मेट्रोचा एकेरी प्रवास कार्डावर दोन युरोंहून थोड्या कमी पैशांत होत असल्यामुळे चार फेऱ्या झाल्याशिवाय साधे तिकीटही वसूल होत नाही. केवळ बचतीसाठी ते घेणाऱ्याने आधी हा हिशेब करावा. आम्हाला मात्र त्याचा खरा उपयोग वेगळाच झाला: आई दमली की दोन थांब्यांसाठीसुद्धा बसमध्ये चढावे आणि सुटे पैसे शोधत बसू नये, ही मोकळीक मिळाली.

सर्वांना हवी असते ती 28 क्रमांकाची पिवळी ट्राम. 1930च्या दशकातील हे लाकडी, आखूड डबे आल्फामा या जुन्या वस्तीच्या अरुंद गल्ल्यांतून घरांच्या भिंतींना जवळजवळ खेटून जातात, हे खरेच मोहक आहे; परंतु मार्तीम मोनीझच्या थांब्यावर सकाळी साडेनऊलाच इतकी लांब रांग होती की अर्ध्या तासानंतर आम्ही नाद सोडला. शिवाय आत उभ्याने जावे लागल्यास बाहेरचे काही दिसत नाही आणि खिसेकापूंपासून सावध राहावे लागते ते वेगळेच. त्याऐवजी जवळच्या फिगैरा चौकातून 737 क्रमांकाची छोटी बस पकडावी. ती सेंट जॉर्जच्या किल्ल्यापर्यंत चढून जाते, आणि आमच्या बसमध्ये तर सगळ्यांना बसायला जागा मिळाली. तिथून पोर्तास दो सोलच्या सज्जापर्यंत उताराने चालत गेलो. खाली आल्फामाची लाल कौले आणि त्यापलीकडे समुद्रासारखी रुंद झालेली तेजू पाहून आईने तेथील बाकावरून उठण्यास साफ नकार दिला. माझ्या मते दिवसातली सर्वांत चांगली अर्धी घटका तीच.

दुपारचे जेवण मात्र फसले. एका खानावळीत न मागताच पाव, लोणी आणि ऑलिव्ह मेजावर आले, मुलांनी ते खाल्ले आणि बिलात त्यांचे पैसे लागले. पोर्तुगालमध्ये हा प्रकार सर्रास चालतो. नको असल्यास हात न लावता परत पाठवावे, म्हणजे पैसे द्यावे लागत नाहीत. पोर्तुगीजमधून आलेले पाव आणि बटाटा हे आपले शब्द मूळ घरी ऐकण्याचा आनंद त्या बिलाने थोडा उणा केला.

शहराच्या बेलें या भागात जाण्यासाठी 15 क्रमांकाची ट्राम आहे. ती लांब आणि आधुनिक असल्यामुळे बाबागाडीसह चढणे तुलनेने सोपे जाते. जेरोनिमोस मठाच्या चर्चमध्ये, आत शिरताच डाव्या बाजूला, वास्को द गामाचे थडगे आहे. 1524 मध्ये तो कोचीला वारला आणि तेथे पुरलेले त्याचे अवशेष पुढे पोर्तुगालला नेण्यात आले, हे ऐकल्यावर मुलीने दगडात कोरलेले जहाज दोनदा निरखून पाहिले. जवळच 1837 पासून चालणारे पास्तैश द बेलें हे पास्तैलचे, म्हणजे कस्टर्ड भरलेल्या छोट्या पेस्ट्रीचे, दुकान आहे. बाहेर दिसणारी रांग बहुधा बांधून नेणाऱ्यांची असते. आतल्या निळ्या फरशांच्या दालनांत जागा लवकर मिळते. दालचिनी भुरभुरलेले गरम पास्तैल अप्रतिम होते, मात्र त्यात अंडे असते, त्यामुळे आईने कॉफीवर समाधान मानले.

संध्याकाळी काइश दो सोद्रेहून बोटीने काशिल्याशला गेलो. जेमतेम दहा मिनिटांचा हा प्रवास, परंतु 1966 चा लाल झुलता पूल, पलीकडच्या काठावरील ख्रिस्ताचा उंच पुतळा आणि मागे सरकणारे शहर असे सगळे एका नजरेत येते. पर्यटकांसाठीच्या महागड्या नौकाफेरीची आम्हाला मग गरज वाटली नाही. वरचे तीन युरो येथे पूर्ण वसूल झाले.

दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. प्रत्येक वेळी चढताना कार्ड यंत्राला लावावेच लागते, आधीच दिवसाचे तिकीट असले तरीही. दुसरे म्हणजे, सप्टेंबर 2025 मध्ये ग्लोरिया या तीव्र चढावर दोरखंडाच्या साहाय्याने चालणाऱ्या रेल्वेला भीषण अपघात झाला, तेव्हा अशा गाड्या व सांता जुस्ताची लिफ्ट चालू आहे की नाही, याची चौकशी करूनच बेत आखावा.

तिकिटाची मुदत मध्यरात्री संपत नाही. पहिल्यांदा वापरल्यापासून चोवीस तास मोजले जातात. आम्ही ते सकाळी सव्वानऊला सुरू केले होते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी आठ वाजता त्याच कार्डांवर मेट्रोने थेट विमानतळ गाठला.