‘नोकरी १:२१’ वाचूनही मी पैसे पाठवले

ऑनलाइन ‘ख्रिस्ती लाइफ कोच’ होण्याच्या कोर्सपायी एकूण गेले २६,६९८ रुपये. आधी ४९९, मग १४,९९९, त्यावर जीएसटी म्हणून २,७००, आणि वर ‘अ‍ॅक्रिडिटेशन फी’, म्हणजे मान्यतेची फी, ८,५००. आकडे तोंडपाठ झालेत, कारण दारोदार तेच सांगत फिरले.

मी नगरची. ३१ वर्षं शाळेत शिकवलं, २२ वर्षं मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बायबल शिकवायची शब्बाथ शाळा घेतली. निवृत्त झाल्यावर महिला मंडळातल्या बायका मन मोकळं करायला घरी यायला लागल्या. कुणाचा मुलगा दारूत, कुणाची सून बोलत नाही. नुसती प्रार्थना करून त्यांना वाटेला लावणं मला पटेना. लेक म्हणाली, आई, याला ख्रिस्ती लाइफ कोचिंग म्हणतात, ऑनलाइन बघ काही साहित्य मिळतंय का. ते शोधता शोधता या खड्ड्यात पडले. हाव नडली असं कुणी म्हणू नये. मला शिकायचं होतं.

जाळं नेहमीचंच. तीन दिवसांचा झूम वर्ग, ‘प्रेज द लॉर्ड, सिस्टर’ म्हणणारा गोड आवाज, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर दहा मिनिटांनी कुणाची तरी कमाईची साक्ष, आणि ऊठसूट यिर्मया २९:११, देवाच्या हिताच्या योजनांचं ते बायबलातलं वचन. बाकी तुम्हाला ठाऊक आहे.

मात्र जिथे मी सावध व्हायला हवं होतं ती जागा सांगते, कारण तीच रात्री झोपू देत नाही. १४,९९९ भरायच्या आधी त्यांनी मराठी वर्कबुकची बारा पानं नमुना म्हणून पाठवली. चौथ्या पानावर ‘दुःखी क्लायंटसाठी वचने’, आणि त्याखाली पहिलंच वचन: ‘नोकरी १:२१’. नोकरी? पवित्र शास्त्रात या नावाचं पुस्तक कधीपासून आलं? मग डोक्यात प्रकाश पडला. ईयोब! सर्वस्व गमावूनही देवाला न सोडणारा बायबलातला भक्त. इंग्रजीत ईयोबाचं आणि नोकरीचं स्पेलिंग एकच, Job, मशीनने सरळ नोकरी करून टाकलं. खाली ‘ख्रिस्ती डब्याची कर्तव्ये’ असाही मथळा होता. कोच म्हणजे रेल्वेचा डबा!

आणि मी काय केलं? हसले. पान छापून घेतलं, जुन्या सवयीने लाल पेनाने दुरुस्त केलं आणि त्याचा फोटो त्यांनाच पाठवला. उत्तर आलं, ‘सिस्टर, तुमच्यासारख्या जाणत्या लोकांचीच सेवेला गरज आहे.’ त्या एका वाक्याला भुलले. अर्ध्या तासात पैसे गेले. ज्यांनी स्वतःचं पुस्तक एकदाही वाचलेलं नाही ते मला काय शिकवणार, हा प्रश्न जन्मभर वह्या तपासलेल्या बाईला पडू नये? त्या वचनात ईयोब म्हणतो, परमेश्वराने दिलं, परमेश्वराने नेलं. माझे परमेश्वराने नेले नाहीत. मीच दिले, यूपीआयचा पिन टाकून.

मिळाल्या ३४ पीडीएफ. एकीच्या तळाशी भलत्याच मंडळीचं नाव. क्लायंट जिवाचं बरंवाईट करायची भाषा बोलू लागला तर त्याला डॉक्टरकडे किंवा १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरकडे कधी वळवायचं, यावर एक ओळ नाही. ‘सरकारमान्य’ म्हणून मिरवलेला कागद उद्यम नोंदणीचा, म्हणजे छोट्या धंद्याच्या नोंदणीचा, निघाला. ती फुकट होते, स्वतःच माहिती भरून होते. शिकवायच्या लायकीशी तिचा संबंध नाही. लाइफ कोचला आपल्याकडे सरकारी परवाना नसतोच, तेव्हा तो दाखवणाऱ्याला तिथेच हात जोडा. जीएसटी नंबर १५ अक्षरी असतो, जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा. माझ्या पावतीवरचा १३ अक्षरी होता. नंतर मोजला.

‘परदेशी यादीत नाव’ घालायला आणखी २१,००० मागितले तेव्हा ग्रुपवर विचारणा केली. दोन मिनिटांत बाहेर.

मग सुरू झाली दुसरी परवड. १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावली, ४० मिनिटांनी लागली आणि पहिला प्रश्न, ‘इतके दिवस काय करत होता?’ सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, चारही व्यवहारांचे बारा आकडी नंबर दिले. ठाण्यात गेले तर साहेब म्हणाले, ‘पैसे तुम्हीच पाठवले, पीडीएफ मिळाल्या, मग फसवणूक कसली? ग्राहक हेल्पलाइनला जा.’ १९१५ वर सांगितलं, हे पोलिसांचं काम. बँकेतल्या पोराने मान वर न करता विचारलं, ‘ओटीपी सांगितला होता का?’ नाही सांगितला. ‘मग आमचा विषय नाही.’ पुन्हा ठाण्यात. साहेब बंदोबस्तावर. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पोच द्यायला शिक्का सापडेना. गुन्हा अजून नोंदलेला नाही, तरी मी त्यांच्या खात्यात माझी रक्कम गोठवली का हे विचारत राहते. तुमचे गेले तर त्याच तासात १९३० लावा, लाजेपायी माझ्यासारखे नऊ दिवस घालवू नका.

आणि जे शोधायला निघाले होते ते फुकटच पडलं होतं! इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनची आचारसंहिता आणि कोचच्या अंगी काय हवं त्याची यादी त्यांच्या साइटवर कुणीही वाचावी. त्यांच्या पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्रालाही किमान ६० तासांचं शिक्षण आणि १०० तासांचा अनुभव लागतो. मला तीन दिवसांत ‘मास्टर कोच’ केलं होतं. यूव्हर्जन या बायबलच्या अ‍ॅपवर मराठी शास्त्र फुकट आहे, आणि तिथे ईयोब ईयोबच आहे. पाळकसाहेबांना आधी एक फोन केला असता तरी भागलं असतं. पण त्यांना चकित करायचं होतं ना!

प्रमाणपत्र कपाटात साड्यांखाली आहे. घरात ह्यांना ४९९ गेले एवढंच सांगितलंय.