वेबॅक मशीन: पुसलेली पानं शोधण्याचं भरवशाचं साधन

छापलेलं वर्तमानपत्र ग्रंथालयात टिकतं. वेबवरचं पान मात्र सर्व्हर बंद झाला की संपतं. ब्रूस्टर केल यांनी १९९६मध्ये सुरू केलेल्या इंटरनेट अर्काइव्ह या ना-नफा संस्थेने अशी पानं जपली आणि २००१पासून ती वेबॅक मशीनवर कुणालाही फुकट बघता येतात. याला तोड नाही.

पानाचा पत्ता टाका, वर्ष निवडा, ज्या दिवशी प्रत साठवली गेली त्या तारखांवर कॅलेंडरमध्ये रंगीत गोल दिसतील. निळा म्हणजे पान नीट उतरलंय, हिरवा म्हणजे दुसऱ्या पत्त्यावर वळवलेलं. नारिंगी आणि लाल गोलांमागे बहुधा एररच निघते.

प्रतीच्या पत्त्यात १४ आकडी शिक्का असतो: वर्षापासून सेकंदापर्यंत, आणि वेळ ग्रिनिचची. खरी मेख पुढे आहे. मजकूर, फोटो, मांडणीची फाइल, सगळं वेगवेगळं साठवलं जातं आणि पान उघडताना जवळच्या तारखेचं जे सापडेल ते जोडलं जातं. त्यामुळे मार्चच्या बातमीत ऑगस्टचा फोटो दिसू शकतो. वरच्या पट्टीतल्या ‘अबाउट धिस कॅप्चर’मध्ये हा फरक कळतो, तो न तपासता स्क्रीनशॉट पुरावा म्हणून देऊ नका.

जावास्क्रिप्टवर, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडवर, उभी असलेली पानं अनेकदा अर्धवट येतात, लॉगिनमागचा मजकूर सहसा नसतोच. मालकाच्या विनंतीवरून प्रती हटवल्याही जातात. महत्त्वाचं पान दिसताच ‘सेव्ह पेज नाऊ’मध्ये पत्ता टाका, आणि तयार झालेली प्रत लगेच उघडून शेवटपर्यंत बघा.