सशांचे पिंजरे आणि पिल्लांच्या पेट्या: पावसाळा, हिवाळा, उन्हाळा वापरल्यानंतरचा अनुभव

निकाल आधीच सांगतो. ससेपालनाचं तयार ‘युनिट’ म्हणून जो पिंजरा विकला जातो, तो नरासाठी आणि वाढत्या सशांसाठी चांगला आहे. गाभण मादीला मात्र तो जसाच्या तसा देऊ नका. आणि खरेदीच्या वेळी जिच्याकडे कुणी धड बघतही नाही, ती पिल्लांची पेटी सगळ्यात चोखंदळपणे निवडा. पिल्लं जगतात किंवा जातात ती पेटीवरून.

आम्ही फलटण तालुक्यातले. पावसाळ्यात सुरुवात केली, आता उन्हाळाही सरत आलाय. जनावरं न्यूझीलंड व्हाइट आणि सोव्हिएत चिंचिला, मोठी मादी 4 किलोच्या आसपास. युनिट नेहमीचंच: 10 फूट बाय 4 फुटांचा पिंजरा, त्यात 2 बाय 2 चे 10 कप्पे, 7 माद्या आणि 3 नर.

पेटीला एवढं महत्त्व का, हे कळायला हा ससा मूळचा कुठला ते बघावं लागतं. आपल्या माळावर दिसतो तो रानससा वेगळा. त्याची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात आणि गवतातल्या उघड्या खळग्यात वाढतात. पिंजऱ्यातला ससा स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळात राहणारा. त्याची पिल्लं उघडीबोडकी, डोळे मिटलेली जन्मतात. डोळे उघडायला 10 ते 12 दिवस लागतात. आई त्यांना ऊब देत बसून राहत नाही. दिवसातून एकदा येते, बहुतेक वेळा पहाटे, तीन-चार मिनिटं पाजते आणि निघून जाते. रानात तर जाताना बिळाचं तोंड मातीनं बुजवते. आणि पिल्लू बाहेर पडलं तर मांजरी आणते तसं तोंडात धरून परत आणत नाही. म्हणजे पेटीनं बिळाचं काम करायचं असतं: आत अंधार हवा, जागा बेताची हवी, कोरडं हवं आणि पिल्लाला बाहेर सांडता येऊ नये.

आता पिंजरा. तळाची जाळी अर्धा बाय एक इंचाची, 14 गेज, वेल्डमेश. इथे तक्रार नाही. लेंड्या खाली पडतात, पाय अडकत नाही. आडवी पट्टी मात्र मधोमध मागून घ्या, नाहीतर मोठ्या मादीच्या वजनानं जाळीला झोळ पडतो आणि झोळात मूत साचतं. प्रत्येक मादीला बसायला एक फळी टाकलीय. जाळीवर सतत बसून मागच्या पायांच्या टाचा सोलवटतात, आणि एकदा जखम झाली की महिनोनमहिने भरत नाही. फळी मादी कुरतडते, कुरतडू द्या. मळली की धुऊन उन्हात टाकायची.

कप्प्याचा आकार ही खरी अडचण. 2 बाय 2 मध्ये दीड फूट बाय एक फुटाची पेटी ठेवली की एक तृतीयांशाहून जास्त जागा तिनंच खाल्ली. उरलेल्या जागेत मादी, खुराकाचं भांडं आणि दोन-तीन आठवड्यांनी बाहेर येणारी पिल्लं. आईला पिल्लांपासून लांब जाऊन बसायला जागाच राहत नाही, मग ती पेटीवर नाहीतर पेटीतच जाऊन बसते. आम्ही दोन कप्प्यांमधली जाळी काढून 4 बाय 2 चा एक कप्पा केला. माद्या लगेच शांत झाल्या. माझं स्पष्ट मत आहे की व्यायला बसवायच्या मादीला एवढी जागा हवीच. युनिटमध्ये 10 जनावरं बसतात हा हिशोब पिल्लं धरून केलेलाच नाही.

बाजूची जाळी एक बाय दोन इंचाची होती. मोठ्या सशाला ती चालते, पण पेटीतून नुकतंच बाहेर पडलेलं पिल्लू त्यातून आरामात निसटतं. खालचा चार इंचांचा भाग अर्ध्या इंची जाळीनं, बाइंडिंग तारेनं चहूबाजूंनी विणून घेतला. नवीन पिंजरा बनवून घेणाऱ्यांनी हे वेल्डरला पहिल्यांदाच सांगावं. तारांची टोकं बाहेरच्या बाजूला वळवून घ्यायलाही सांगा.

पेटीवर जास्त लिहितो. विक्रेत्यानं दिलेल्या पेट्या प्लायच्या होत्या, ऐसपैस, आणि पुढचा उंबरा जेमतेम तीन इंचांचा. प्लाय पावसाळ्यातच फुगला, मूत मुरलं, थर सुटले. त्याहून वाईट तो उंबरा. पाजता पाजता मादी दचकून उडी मारते तेव्हा एखादं पिल्लू सडाला चिकटलेलं असतं, ते तिच्याबरोबर बाहेर येतं आणि जाळीवर पडतं. सकाळी गेलो तर गार, कडक लागतं. अशा पिल्लाला मेलेलं समजून टाकू नका. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्याशेजारी ठेवली, किंवा नुसतं हातात धरून ऊब दिली, तरी बरीचशी हलायला लागतात.

मग सुताराकडून पेट्या करून घेतल्या. लांबी 18 इंच, रुंदी 12, उंची 12, पुढचा उंबरा 6 इंच. मादीला आत कशीबशी वळता येईल एवढंच माप. मोठी पेटी दिली की मादी तिथेच बसते, तिथेच लेंड्या टाकते आणि पिल्लं चार कोपऱ्यांत विखुरतात. लाकूड पॅलेटचं, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटींचं, वापरलं. त्यावरचा शिक्का बघून घ्या: ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, ते चालतं, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते घेऊ नका, कारण ससा कुरतडणारच. उंबऱ्याच्या कडेला पत्र्याची पट्टी, धार दुमडून. तळाला चार-पाच भोकं. आणि पेटी पिंजऱ्याला तारेनं बांधा, उलटायला नको.

दोन कप्प्यांत आणखी पुढे गेलो. तळाची जाळी ग्राइंडरनं कापून पेटी खाली लोंबती बसवली, वरची कड तळाच्या पातळीत. बाहेर आलेलं पिल्लू सरपटत सरपटत पुन्हा आत घरंगळतं. वेल्डरला हे काम पटत नव्हतं, पण आतापर्यंत केलेल्या बदलांत मला सगळ्यात आवडलेला हाच. जाळीवर गारठलेलं पिल्लू सापडणं या कप्प्यांत जवळजवळ बंद झालं. तोटा एकच, साफ करायला पेटी खालून काढावी लागते.

पेटी ठेवायची वेळ: गाभण काळ साधारण 31 दिवसांचा. मादी लावल्याची, म्हणजे नराकडे दिल्याची, तारीख कप्प्यावर कार्डावर लिहा आणि 28व्या दिवशी पेटी आत ठेवा. आठवडाभर आधी ठेवली तर ती संडास होते. ठेवायची तीही मादी लेंड्या टाकते त्याच्या विरुद्ध कोपऱ्यात.

आत काय घालायचं? भाताचा पेंढा सगळ्यात उत्तम. आमच्याकडे तो होत नाही, भोरकडून आणतो. खाली रंध्याच्या सालपटांचा दोन इंच थर, वर पेंढा, मधे मुठीनं दाबून खळगा. करवतीचा बारीक भुसा नको, नाकाडोळ्यांत जातो. काथ्या, सुतळी, गोणपाटाचे धागे अजिबात नकोत, पिल्लांच्या पायाला वेढे बसतात. उसाच्या पाचटाला धार असते, ते पेटीत नको. विण्याच्या आदल्या दिवशी किंवा त्या रात्री मादी पोटाचे केस उपटून खळग्यावर अंथरते. पहिलटकरीण कधी कधी उपटत नाही, म्हणून दुसऱ्या पेट्यांतले जास्तीचे स्वच्छ केस पिशवीत साठवून ठेवलेत.

रोज सकाळी केस बाजूला करून बघा. चांगलं प्यायलेलं पिल्लू गोल, टणटणीत असतं, आणि पहिल्या दिवसांत पोटाच्या पातळ कातडीतून दुधाचा पांढरा पट्टा चक्क दिसतो. ज्याच्या पोटाला सुरकुत्या, ते उपाशी. आम्ही शक्यतो दोन-तीन माद्या एकाच दिवशी लावतो, म्हणजे जास्तीची पिल्लं दुसरीकडे देता येतात. बहुतेक माद्यांना 8 सड असतात, तेवढीच पिल्लं एका पेटीत ठेवतो. हात लावला की आई पिल्लू टाकते, ही भीती सोडा. घरच्या माणसाच्या हाताचा वास तिच्या ओळखीचा असतो.

उन्हाळ्यात सगळं उलटं झालं. फलटणला पारा चाळिशी गाठतो, आणि 30 अंशांच्या पुढेच सशाला धाप लागते. पेटीवरचं झाकण काढलं, केस अर्धे कमी केले. दुपारी मात्र पेटीच उचलून घरातल्या गार खोलीत, जाळीच्या झाकणाखाली, आणि संध्याकाळी परत कप्प्यात. आई तशीही दिवसभर पेटीत जात नाही, त्यामुळे तिला काही फरक पडत नाही. पेटीत नको म्हटलेलं पाचट शेडच्या पत्र्यावर जाड अंथरलं, फार फायदा झाला. सशांना पाणी पाजायच्या निपलची (चोखायच्या तोटीची) पाइप उन्हातून आणू नका, पाणी कढत येतं आणि मादी पीत नाही. पाणी तुटलं की दूध तुटतं. नर कडक उन्हानंतर काही आठवडे कामाचा राहत नाही, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये आम्ही माद्या लावल्याच नाहीत. पेट्यांत होती ती आधी लावलेल्यांची पिल्लं.

मुंग्यांसाठी पिंजऱ्याचे पाय जुनं इंजिन ऑइल घातलेल्या वाट्यांत. एका रात्रीत अख्खी पेटी संपवतात, हे हलक्यात घेऊ नका. पिल्लं साधारण 3 आठवड्यांची झाली की पेटी काढतो, खरवडून, धुऊन, कडक उन्हात दोन-तीन दिवस. म्हणून व्यायच्या माद्यांपेक्षा दोन पेट्या जास्तच हव्यात.

एक तक्रार अजून मिटलेली नाही. सशाच्या मुतानं जाळीचे वेल्डचे सांधे गंजायला लागलेत, मूत साचतं त्या कोपऱ्यात आधी. पांढरा थर व्हिनेगरनं निघतो, गंज निघत नाही. आमची जाळी आधी गॅल्वनाइज केलेल्या, म्हणजे जस्ताचा थर चढवलेल्या, तारेची आणि मग वेल्ड केलेली आहे, त्यामुळे सांध्यावरचं जस्त जळून गेलेलं. पुढचा तळ वेल्ड केल्यानंतर गॅल्वनाइज केलेल्या जाळीचा घेणार. महाग पडते, पण सांध्यावर जस्ताचा जाडसर थर बोटाला लागतो. दुकानात बंडल उलगडून तेवढं तपासूनच पैसे द्या.