फोटोत फेरफार कुठे झालाय? फॉरेन्सिकली, फोटोफॉरेन्सिक्स की ट्रूफॉर

पावतीचा किंवा जमिनीच्या कागदाचा फोटो आला आणि मनात शंकेची पाल चुकचुकली, तर आधी फॉरेन्सिकली ही फोटो तपासणारी वेबसाइट उघडा. तिथे फोटो ब्राउझरमध्येच तपासला जातो, तुमच्या कॉम्प्युटरबाहेर जात नाही. फोटोफॉरेन्सिक्स या दुसऱ्या वेबसाइटवर तो अपलोड करावा लागतो आणि तिथल्या मोफत सेवेत टाकलेला फोटो खासगी राहत नाही. दुसऱ्याचं आधार कार्ड तिथे टाकू नका, एवढं माझं कळकळीचं सांगणं.

फॉरेन्सिकलीतलं क्लोन डिटेक्शन, म्हणजे फोटोतलाच एखादा भाग उचलून दुसरीकडे चिकटवलाय का ते शोधणं, मी करून पाहिलं. अंगणाच्या फोटोत एक चप्पल होती, तिच्यावर शेजारच्याच मातीचा तुकडा चिकटवला. नुसत्या डोळ्यांना काही कळेना. क्लोन डिटेक्शन लावलं तर दोन्ही जागा निळ्या झाल्या आणि मधून लाल रेघ गेली! पण एकसारख्या फरशांच्या खऱ्याखुऱ्या फोटोतही रेघांचं जाळं उठलं. त्यामुळे तपासणी किती बारीक करायची ते ठरवणारे स्लायडर कमीजास्त करून बघावंच लागतं. शिवाय दुसऱ्या फोटोतून आणलेला चेहरा इथे सापडत नाही, कारण त्याची जोडी त्या फोटोत नसतेच.

फोटोफॉरेन्सिक्स २०१२ पासून चालू आहे, संगणक-सुरक्षा संशोधक नील क्रावेट्झ यांचं. त्याचा भर 'एरर लेव्हल अॅनालिसिस'वर: जेपेग ठरावीक दर्जाने पुन्हा सेव्ह करायचा आणि कुठे किती फरक पडला ते बघायचं. सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथेच. दुकानाच्या पाटीवरची अक्षरं या तपासणीत मुळातच चमकतात, आणि लगेच 'खोटा फोटो' म्हणून बोभाटा होतो. कडेची तुलना कडेशीच करा, सपाट भागाची सपाट भागाशी. व्हॉट्सअॅपवरून नेहमीसारखा आलेला फोटो आधीच दाबला गेलेला असतो, त्याची एक्झिफ माहितीही (कॅमेरा, तारीख वगैरे फाइलमधल्या नोंदी) गेलेली असते. पाठवणाऱ्याला तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा.

बाहेरून आणून चिकटवलेल्या भागासाठी मी ट्रूफॉर या एआय प्रोग्रॅमवर जास्त विसंबेन. नेपल्सच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी ते २०२३ मध्ये मांडलं. संशयित जागेच्या नकाशासोबत तो नकाशा कुठे किती भरवशाचा आहे, हेही ते दाखवतं. मात्र ते चालवायला कॉम्प्युटरवर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा बसवण्याची खटपट करावी लागते.

प्रकरण कोर्टात जाणार असेल, तर यातलं काहीही चालवण्याआधी मूळ फाइलची प्रत काढा, तिचा हॅश (फाइलमधून काढलेला, जरा बदल झाला तरी बदलणारा ठशासारखा कोड) नोंदवा आणि तपासणी प्रतीवरच करा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात तो हॅश लिहावा लागतो.