गाडीचा वॉटर पंप बदलताना पॅकिंग आणि बोल्टमध्ये फसवलं मला, तुम्ही जुने पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका

हे लिहिते आहे कारण यात नुसते पैसे गेले नाहीत, गाडीत माझी आई आणि माझा 7 वर्षांचा मुलगा होते आणि आम्ही खंबाटकी घाटात भर चढावर वाफ निघणाऱ्या गाडीत अडकलो होतो. गॅरेजचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे, आणि गाडीच्या कंपनीचंही लिहीत नाही कारण दोष गाडीचा नाहीच. 2013 ची डिझेल हॅचबॅक, 94 हजार किलोमीटर झालेली, आजपर्यंत कधी रस्त्यात दगा दिला नाही.

सुरुवात साधी झाली. पार्किंगमध्ये रोज सकाळी पुढच्या बाजूला हिरवट पाण्याचा डाग दिसायला लागला, चार-पाच दिवसांनी बाटलीतलं कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, मिनिममच्या खाली गेलं. पुण्यात आमच्या भागातल्या एका गॅरेजला गाडी दाखवली, त्याने टॉर्च मारून वॉटर पंपाच्या, म्हणजे इंजिनमध्ये कुलंट फिरवणाऱ्या पंपाच्या, खालचं बारीक भोक दाखवलं आणि म्हणाला ताई पंप गेला, सील लीक झालंय. हे तो खरं बोलला. पंपाच्या बॉडीला एक बारीक भोक ठेवलेलंच असतं, आतलं सील खराब झालं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर टपकावं म्हणून, म्हणजे तिथून थेंब येतोय तर पंप बदलायचाच. म्हणून माझा त्याच्यावर विश्वास बसला आणि पुढची सगळी फसवणूक त्या विश्वासावर झाली.

बिल म्हणून जी चिठ्ठी दिली तिच्यावर असं होतं, पंप 2,850, पॅकिंग सेट (जोडातून गळू नये म्हणून मध्ये बसवतात ते) 650, बोल्ट सेट 480, कुलंट 5 लिटर 1,400, मजुरी 1,800, टोटल 7,180. साधी वहीतली चिठ्ठी, ना जीएसटी नंबर ना गॅरेजचा शिक्का. मी पक्कं बिल मागितलं तर म्हणाला ताई पक्क्या बिलावर टॅक्स वाढेल, तुमचेच पैसे वाचवतोय. जुना पंप बघायला मागितला तर म्हणे पोराने भंगारात टाकला, सकाळीच भंगारवाला येऊन गेला. मला तेव्हाच खटकायला पाहिजे होतं पण संध्याकाळ झालेली, मुलाला क्लासवरून आणायचं होतं, मी पैसे ऑनलाइन पाठवले आणि निघाले. त्याने नव्या पंपाच्या खोक्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता तो तेवढा माझ्याकडे राहिला आणि नंतर तोच कामाला आला.

गाडी शहरात 9 दिवस व्यवस्थित चालली. हे नीट लक्षात घ्या, कारण गॅरेजवाले म्हणतात ना की ट्रायल मारून दिली होती, लीक नव्हतं, तर थंड इंजिनला आणि शहरातल्या दोन-तीन किलोमीटरच्या ट्रायलला असलं काम धरून राहतं. इंजिन पूर्ण तापलं की सिस्टिममध्ये साधारण 1 बारच्या आसपास प्रेशर तयार होतं, कुलंटचं टोपण तेवढं धरूनच ठेवतं, आणि पंपाचा जॉइंट कच्चा असेल तर तो खरा उघडा पडतो चढावर, लोअर गिअरमध्ये, एसी चालू असताना, मे महिन्यात.

आम्ही साताऱ्याला आईच्या माहेरी लग्नाला निघालो होतो. साताऱ्याकडचं खंडाळा सोडून घाट चढायला लागलो, दुसऱ्या गिअरमध्ये ट्रकच्या मागे, आणि तापमानाचा काटा हळूहळू वर. मी एसी बंद करून हीटर फुल केला, त्याने इंजिनची थोडी गरमी निघते हे माहीत होतं, पण हीटरमधून गार हवा यायला लागली. तेव्हा पोटात गोळा आला. हीटर गार म्हणजे आत पाणीच पुरेसं उरलेलं नाही. जागा मिळाली तशी डावीकडे घेतली, इंजिन बंद केलं, बॉनेटच्या फटीतून वाफ, आईने मुलाला घेऊन कठड्याच्या आतल्या बाजूला उभं केलं. एक ट्रकवाले दादा थांबले, त्यांनी पहिलं वाक्य हेच म्हटलं की ताई टोपणाला हात लावू नका. पाऊण तास थांबलो. मग त्यांच्याच ओळखीने घाट उतरल्यावर सुरूरच्या पुढे एक जुने मेकॅनिक काका आहेत त्यांच्याकडे गाडी टेम्पोला बांधून नेली. लग्न आम्हाला मिळालं नाही. आईच्या सख्ख्या भाचीचं लग्न होतं.

काकांनी बेल्ट काढला, पंप मोकळा केला आणि मला जवळ बोलावलं, म्हणाले पोरी आधी फोटो काढ, मग मी पुसतो. हे त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

जे दिसलं ते जसंच्या तसं सांगते. पंप नवा होता, तेवढं खरं. पण पंप आणि ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य बॉडीच्या, मध्ये नवं पॅकिंग नव्हतं. जुनंच होतं, रबराचा थर दिलेलं पत्र्याचं पॅकिंग, त्याच्या कडेचा रबर कडक होऊन पापुद्रे सुटलेले, ब्लॉकला चिकटलेलं ते खरवडून काढायची तसदीच घेतली नव्हती, त्याच्यावर काळं सिलिकॉन बोटाने फासलं होतं आणि वरून नवा पंप दाबून बसवला होता. बाहेरच्या कडेने सिलिकॉनची जाड लोळी दिसत होती, आणि जेवढी बाहेर तेवढीच आतही येते ना, तर आतली लोळी सुटून पाण्याबरोबर गेली होती. काकांनी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर कुलंटला रेडिएटरकडे वाट देणारा भाग, काढला तर त्याच्या व्हॉल्व्हमध्ये करंगळीच्या नखाएवढा काळा तुकडा अडकलेला. तो तुकडा मी तळहातावर घेऊन बघितला, रबरासारखा मऊ, आणि एवढ्याशा वस्तूने इंजिनची वाट लागली असती.

काका म्हणाले सिलिकॉन वाईट नाही, काही इंजिनला कंपनीच तेच लावायला सांगते, पण मग दोन्ही फेस, म्हणजे एकमेकांना टेकणारे सपाट भाग, कोरडे स्वच्छ पाहिजेत, बारीक एकसारखी रेघ पाहिजे, आणि लावल्यावर ते सुकायला वेळ द्यायला पाहिजे, पूर्ण पिकायला साधारण 24 तास लागतात. माझी गाडी दुपारी 2 ला उघडली आणि 6 ला हातात दिली. आणि जिथे पत्र्याचं पॅकिंग किंवा ओ-रिंग (रबराची गोल रिंग) आहे तिथे ते नवं आणि कोरडं बसवायचं, ओ-रिंगला फार तर कुलंटचा हात फिरवायचा.

आता बोल्ट. माझ्या पंपाला 5 बोल्ट आहेत, 10 नंबरच्या पान्याचे, त्यातले 3 आखूड आणि 2 लांब. 480 रुपये बोल्ट सेटचे घेतलेत ना, तर पाचातले 3 जुनेच होते, गंजलेले, आणि 2 भलत्याच कुठल्या तरी गाडीचे. ते दोन कसे ओळखले तर बाकीच्यांच्या डोक्यावर 8.8 असा मजबुतीचा आकडा उमटवलेला आहे, त्या दोघांवर काहीच नाही, आणि डोक्याखालचा चकतीसारखा भागही नाही. एक गरजेपेक्षा लांब होता, तो भोकाच्या तळाला टेकत होता म्हणून त्याच्याखाली दोन वायसर घालून उंची भरून काढायचा प्रयत्न केला होता. असा बोल्ट पान्याला घट्ट लागतो पण पंपाला दाबतच नाही. दुसरा उलटा, लांब जागी आखूड, जेमतेम चार आट्यांवर उभा, आणि ब्लॉक ॲल्युमिनियमचा, चार आट्यांवर जोर लावला की आटे सोलून निघतात, तसे ते निघाले होते, आणि निघालेल्या आट्यांवर पांढरी प्लंबरवाली टेप गुंडाळून बोल्ट नुसता कोंबला होता! हे बघून मला रडू आलं, खरंच सांगते. एका बाजूने पंप दाबलेला आणि दुसऱ्या बाजूने सैल, त्या फटीतून पाणी जात होतं.

कुलंटचे 1,400. बाटलीत उरलेलं काकांनी बोटांवर घेतलं आणि मला घ्यायला लावलं. कुलंट बुळबुळीत लागतं, हे साधं पाणी होतं, थोडा हिरवा रंग आणि आतापासूनच तांबूस गाळ. नळाच्या पाण्याने आत क्षार धरतात, गंज चढतो, आणि साधं पाणी लवकर उकळतं.

दुरुस्ती दुसऱ्या दिवशी झाली. ब्लॉकचा फेस काकांनी लाकडी पट्टी आणि कापडाने साफ केला, ग्राइंडरची चकती नाही लावली कारण ॲल्युमिनियमवर चर पडतात. बोल्टच्या भोकांत हवा मारून पाणी काढलं, आत पाणी राहून बोल्ट कसला तर ब्लॉक तडकू शकतो म्हणाले. गेलेल्या आट्याला हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे तयार करणारी तारेची स्प्रिंग, बसवली. मग नवं पॅकिंग, साताऱ्याहून मागवलं, किंमत 180 रुपये, आणि नवे बोल्ट. सगळे आधी हाताने लावले, मग समोरासमोरचे थोडे थोडे असे दोन फेऱ्यांत, शेवटी टॉर्क पान्याने 10 न्यूटन मीटर, म्हणजे एवढ्या बोल्टला दांडा ओढायची गरजच नाही. मग टोपणाच्या जागी हातपंप लावून प्रेशर भरलं आणि 15 मिनिटं प्रेशरचा काटा बघत बसलो, हलला नाही. इंजिनचं हेड (वरचा भाग, गरम झालं की आधी तोच वाकतो) वाचलं, कारण गाडी वेळेत बंद केली होती. एकूण 6,300 लागले, शिक्क्याचं बिल, आणि त्याच बिलावर काकांनी काय काय सापडलं ते स्वतःच्या अक्षरात लिहून सही केली.

पुण्यात आल्यावर त्या गॅरेजला गेले. पहिलं उत्तर, ताई तुम्ही बाहेर उघडली, आता आमची जबाबदारी नाही. मी त्याचाच व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो दाखवला, त्यात पंपाच्या खोक्यात पॅकिंग स्पष्ट दिसतंय, म्हणजे पंपाबरोबर आलेल्या पॅकिंगचे 650 वेगळे लावले आणि तेही बसवलं नाही. यावर मालक म्हणाला ताई तुम्हाला यातलं काय कळणार, साहेबांना पाठवा. गाडी माझी आहे, चालवते मी, पैसे मी दिलेत.

ज्यांच्यावर अशी वेळ आलीय त्यांनी, दुसरीकडे गाडी उघडायच्या आधी पहिल्या गॅरेजला मेसेज करून ठेवा की गाडी बंद पडलीय, अमुक ठिकाणी उघडतोय, आणि उघडताना व्हिडिओ घ्या, मी फक्त फोटो काढले. पंप घेताना खोक्यात पॅकिंग येतं का ते आधीच विचारा. जुना पंप, जुनं पॅकिंग, जुने बोल्ट पिशवीत घालून मागा, काम सुरू व्हायच्या आधीच सांगा की मला परत पाहिजेत. कुलंटचा डबा तुमच्यासमोर फोडायला लावा. बिलावर 15 अक्षरांचा जीएसटी क्रमांक असेल तर तो जीएसटीच्या वेबसाइटवर टाकून बघता येतो, महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो. आणि बिल न देणं हीच 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे, हे मला 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केल्यानंतर कळलं.

त्या तक्रारीनंतर मालकाचा फोन आला, हजार रुपये देतो मिटवून टाका ताई. मी म्हटलं 2,530 पॅकिंग, बोल्ट आणि कुलंटचे, जे तुम्ही दिलेच नाहीत, शिवाय काकांचं 6,300 चं बिल, आणि लेखी द्या. त्याने फोन ठेवला. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि 2 वर्षांची मुदत आहे, कागद ई-जागृती या ग्राहक आयोगाच्या ऑनलाइन पोर्टलवर भरायला घेतलेत. ते दोन बोल्ट, टेप तशीच गुंडाळलेली, आणि तो काळा तुकडा पारदर्शक पिशवीत घालून माझ्या कपाटात आहेत.