स्कूबाच्या फिन्ससाठी १६,४८० रुपये गेले. ऑनलाइन घेणार असाल तर आधी हे वाचा

मी सांगलीची. पतसंस्थेत नोकरी करते. हे आधीच सांगून टाकते, कारण ज्याला कळलं त्यानं हेच ऐकवलं, "पतसंस्थेत असून फसलीस?" जणू पतसंस्थेत बसणाऱ्या बाईला कोणी लुबाडतच नाही. स्कूबा म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन पाण्याखाली पोहणं, आणि फिन्स म्हणजे त्यासाठी पायात घालायची वल्ह्यासारखी लांब पाती. त्यांची एक जोडी ऑनलाइन घेताना मी फसले. बुकिंगचे २,०००. उरलेले ९,८००. साइज बदलून द्यायला 'परत मिळणारी' अनामत ३,५००. आणि वर कुरिअरच्या विम्याचे १,१८०. एकूण १६,४८०. ते चार वेळा मागितले गेले आणि प्रत्येक वेळी आकडा असा होता की आधीचे वाचवायला पुढचे द्यावेत. पद्धत तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होती. पण पाय अडकला की बाहेरच्यांना जे दिसतं ते आतून दिसत नाही.

हौस म्हणून उधळले असंही कोणी म्हणू नये. माई घाटावर पोहायला शिकले, कृष्णेच्या पाण्यात वाढले. २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळची बोट उलटली, तेव्हापासून पाण्यातलं जे शिकता येईल ते नीट शिकायचं ठरवलं. तारकर्लीला स्कूबाचा पहिला, ओपन वॉटरचा कोर्स केला. तिथं भाड्याच्या फिन्सनी जीव नकोसा झाला. माझा पाय लहान पण पुढून रुंद, वरचा उंचवटाही जास्त. पुरुषांच्या मापाच्या फिनमध्ये पाय आत हलायचा. फिन सुटू नये म्हणून नकळत बोटं आवळली जायची, मग पोटरीत गोळा यायचा. टाचेला फोड आले ते वेगळेच. शिकवणारे सर म्हणाले, "मास्क आणि फिन्स स्वतःचे घ्या, बाकी सामान भाड्याचं चालेल." सांगलीत असलं दुकान नाही. मग माणूस फोनवरच शोधणार ना?

पेज चांगलं होतं. जुन्या पोस्ट, समुद्रातले फोटो, खाली 'धन्यवाद सर, मस्त माल' अशा कमेंट. गोव्याचं दुकान बंद करतोय, उरलेला माल निम्म्या किमतीत, असं लिहिलेलं. चांगल्या कंपनीच्या ओपन हील, म्हणजे टाच उघडी राहणाऱ्या फिन्स, मागं स्टीलच्या स्प्रिंगचा स्ट्रॅप, जोडी ११,८०० ला. फुकटात देतोय असं वाटावं इतकी स्वस्त नव्हती, म्हणून तर विश्वास बसला. बोलणंही अदबीचं, "ताई, तुम्ही निश्चिंत राहा."

आता तो क्षण सांगते, जो आठवला की अजून हात थरथरतात. व्हिडिओ कॉलवर त्या पेजवाल्यानं विचारलं, "चप्पल कितीची घालता?" मी सांगितलं पाच. तो म्हणाला, "झालं, एस पाठवतो." मी विचारलं, "बुटासकट माप घ्यायचं ना? माझे बूट पाच मिलिमीटर जाडीचे आहेत." त्याचं उत्तर शब्दन् शब्द लक्षात आहे. "बुटाचं काय नसतं ताई, स्ट्रॅप ओढला की कोणालाही बसतं."

इथंच फोन ठेवायला हवा होता. ओपन हील फिन सहसा अनवाणी पायावर घालत नाहीत. ती निओप्रीनच्या, म्हणजे फेसासारख्या मऊ रबराच्या बुटावर घालायची असते, आणि बूट तीन मिलिमीटरचा की पाच, तळवा जाड की पातळ, यावर फूट पॉकेटची, म्हणजे पाय आत जातो त्या भागाची साइज ठरते. शिवाय प्रत्येक कंपनीचा एस वेगळा. हा धंदा खरोखर करणारा माणूस पैशाआधी बूट विचारतो, पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये मागतो, पंजा रुंद आहे का विचारतो. स्ट्रॅप फक्त टाच धरतो. पॉकेट मोठं असेल तर स्ट्रॅप कितीही आवळा, पंजा आत हलणारच. सरांनी हे सगळं शिकवलं होतं. त्याचं उत्तर मला खटकलंही. मी पुन्हा विचारलं, तर त्यानं लगेच जीएसटीचं बिल पाठवलं. बिल बघितल्यावर कोणाचाही विश्वास बसेल, त्यात माझं काय चुकलं? पुढं कळलं की दुकान गोव्याचं आणि जीएसटी नंबर सुरू होतो २७ नं. २७ महाराष्ट्राचा कोड, गोव्याचा ३०. जीएसटीच्या संकेतस्थळावर नंबर टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते फुकट दिसतं. तो नंबर एका कपडेवाल्याचा निघाला. पैसे देण्याआधी हे बघा. क्यूआर स्कॅन केल्यावर नाव दुकानाचं येतं की भलत्याच माणसाचं, तेही बघा.

पार्सल आलं. 'एस'चं स्टिकर खरवडलं तर खाली साच्यातच उमटलेलं 'एल'. पॉकेट मऊ रबराचं नाही, कडक प्लास्टिक. ब्लेड, म्हणजे पुढचं पातं, वाकवलं तर पांढरी रेघ उमटली. स्टीलच्या स्प्रिंगचा पत्ता नाही, साधा रबरी स्ट्रॅप, तोही बकलजवळ तडकलेला. खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता, महिना, किंमत काहीच नाही. बाहेरच्या देशातून आलेल्या पॅकबंद मालावर हे छापणं कायद्यानं सक्तीचं आहे. ते नसेल तर तिथंच फोटो काढा, आणि खोकं टाकू नका.

तरी मी तलावात घालून बघितल्या. दुसऱ्या फेरीला बकलमधून स्ट्रॅप निसटला आणि एक फिन तळाला गेली. तलाव होता म्हणून ठीक. समुद्रात, ओढ असताना, पाठीवर सिलिंडर घेऊन एका फिनवर बोटीकडं परत येऊन बघा. पैसे गेले त्याच्यापेक्षा याची चीड जास्त आहे. हा माणूस नुसता लुटत नाही, जीवाशी खेळतोय.

मी फोन केला. त्यानं माफी मागितली, "चुकून गेलं ताई, बदलून देतो." त्यासाठी अनामत ३,५००, नवीन जोडी पोचली की परत. मग विम्याचे १,१८०. मग फोन बंद. ११,८०० वर पाणी सोडायचं की साडेतीन देऊन बघायचं, असा विचार होता माझा, कारण जुनी जोडी परत घेऊन तेवढे तरी वळते करीन असं तो म्हणाला होता. माझ्या जागी असलेल्यानं काय केलं असतं ते मला सांगावं.

पुढची कथा याहून वाईट. बँकेत म्हणाले, तुम्हीच पिन टाकलात, आम्ही काय करणार? अर्जाची पोच मागितली तर "साहेब जेवायला गेलेत." पोलीस ठाण्यात गेले. समोरच्यानं कागद न उघडता विचारलं, "सांगलीत समुद्र आहे का ताई?" शेजारचे दोघे हसले. माल मिळाला ना, मग ही दिवाणी बाब, ग्राहक मंचात जा. मी म्हटलं, खोट्या नंबरचं बिल आहे, बनावट माल आहे, भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम फसवणुकीचंच आहे. तर म्हणे, सायबरवाल्यांकडं जा. तिथं गेले तर म्हणे, आधी ठाण्यातून पत्र आणा. ठाण्यात परत गेले तर ते साहेब बंदोबस्ताला. झेरॉक्स काढून काढून फाइल जाड झाली. पार्सलवर पाठवणाऱ्या गावाचं नाव आहे, खात्यावर माणसाचं नाव आहे, फोन नंबर आहे. तीन धागे हातात दिले तरी एकानंही एक धागा ओढून बघितला नाही. रक्कम लहान आहे म्हणाले. १६,४८० माझ्या घरात लहान नाहीत. आणि असल्या लहान रकमा किती जणांकडून गोळा होत असतील, हे कोणाला मोजायचंच नाही. शेवटी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तक्रार लेखी करून वरिष्ठांना स्पीड पोस्टानं पाठवली. पोच आली, उत्तर नाही. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, पण नोटीस पाठवायला समोरच्याचा खरा पत्ता लागतो, आणि तो शोधायचा कोणी, यावर सगळे माझ्याकडंच बघतात.

तुमच्या बाबतीत असं झालं तर ठाण्यात जाण्याआधी, पैसे गेल्या गेल्या, १९३० ला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवले गेले तरच काही हाती लागतं. 'परत मिळणारी अनामत' हे शब्द ऐकले की तिथून पुढं एक रुपयाही देऊ नका. मालाबरोबर काढलेला व्हिडिओ सलग असू द्या, पार्सल फोडण्यापासून.

आणि फिन्स घ्यायच्याच असतील तर स्वतःचे बूट घेऊन दुकानात जा. संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. बूट ओले करून घाला, बसून फिन चढवा, पाय उचलून जोरात हलवा. पंजा आत डुगडुगला तर नको. बोटं टोकाला चेपली किंवा वरच्या उंचवट्यावर कड रुतली तरी नको, तासाभरानं पाय बधिर होईल. दुकानदार म्हणेल वापरून सैल होईल, ऐकू नका. दहा मीटर खोलीवर एकूण दाब वरच्यापेक्षा दुप्पट होतो, निओप्रीन दबून बूट पातळ होतो आणि जमिनीवर घट्ट वाटलेली फिन खाली सैल पडते. स्प्रिंगचा स्ट्रॅप ती ढील आपोआप घेतो, म्हणून तो घ्या. साधा असेल तर जादा जोड पिशवीत ठेवा. फुल फूट, म्हणजे टाचेसकट पूर्ण पाय आत जाणारी फिन घेणार असाल तर ती अनवाणी पायाची. घालून पुढं ओढून बघा, टाच बाहेर आली की ठेवून द्या.

ते पेज आता नव्या नावानं पुन्हा सुरू आहे. फोटो तेच. निळ्या फिन्स, डाव्या ब्लेडवर तिरका ओरखडा, मागं हिरवी ताडपत्री. किंमत आता ९,४९९ लिहिली आहे. दिसलं तर रिपोर्ट करा आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा, माझ्या फाइलला जोडायला मला हवेत.